परागांची पुष्पिका

महाराष्ट्रातल्या बहुतेक डोंगरांवर आपण जातो ते मान वर करून. कडा पाहायचा, बुरूज पाहायचा, एखादा सुळका पाहून 'बाप रे!' म्हणायचे आणि पिठले-भाकरी खाऊन खाली उतरायचे. साताऱ्याजवळचे कासचे पठार याला अपवाद आहे. तिथे मान खाली घालून चालावे लागते, आणि खरोखर काही पाहायचे असेल तर सरळ गुडघे टेकावे लागतात.

सातारा सोडले की यवतेश्वराचा घाट लागतो. चढता चढता एका अंगाला उरमोडीचे पाणी दिसू लागते आणि त्याच्या पलीकडे सज्जनगड. दुसऱ्या अंगाला कण्हेरचा जलाशय ढगांतून मधूनच डोळा मिचकावतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर गेले की रस्ता एकदम सपाट होतो. हेच कास. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर. पायाखाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळ थर; कुठे वीतभर, कुठे बोटभर, तर कुठे तेवढाही नाही. मोठ्या झाडाने मूळ धरावे कुठे? म्हणून इथे राज्य चालते ते वीत-दीड वीत उंचीच्या रोपट्यांचे. आषाढ-श्रावणात पाऊस पठाराला झोडपून काढतो, आणि भाद्रपदात त्याच ओल्या दगडावर जांभळे, पिवळे, पांढरे गालिचे अंथरले जातात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत काय तो हा सोहळा. नंतर ऊन तापते, रोपे वाळतात, आणि नवख्या माणसाला वाटावे, इथे खडकाखेरीज कधी काही नव्हतेच.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात कास आहे. तेव्हापासून रविवारी इथे फुले अधिक की माणसे, असा प्रश्न पडावा अशी स्थिती. रोज किती जणांना आत सोडायचे याला आता मर्यादा आहे, आणि ती हवीच. दोन महिन्यांत जन्म, फुलणे, बी धरणे आणि मरण एवढे सगळे उरकायचे असलेल्या रोपावर कोणी फोटोसाठी बैठक मारली, तर त्याचे वर्ष बुडाले म्हणून समजावे.

आम्ही गेलो ते मात्र फुलांसाठी नव्हे. फुलातल्या धुळीसाठी गेलो.

'आम्ही' म्हणजे आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई, त्यांचे सहा विद्यार्थी आणि मी. मी मराठी शिकवणारा माणूस. या मंडळींत माझे काय काम, असे तुम्ही विचाराल. माझ्या पत्नीनेही विचारले होते. त्याचे उत्तर एका लाकडी पेटीत आहे.

आमच्याकडे प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायचे ठरले, तेव्हा जुन्या सामानाची निर्लेखनाची यादी झाली. मोडकी स्टुले, फुटकी काचपात्रे, आणि त्यांच्यातच 'जुनी पेटी, १ नग'. बाईंनी ती उघडून पाहिली म्हणून बरे झाले. आत ५० काचपट्ट्या होत्या. त्यांच्या गुरूंनी, म्हणजे आमच्या महाविद्यालयात पूर्वी शिकवणाऱ्या आणि आता हयात नसलेल्या सरांनी, १९८० च्या आसपास सातारा-महाबळेश्वरचे डोंगर पालथे घालून जमवलेले पराग त्या पट्ट्यांवर होते. बाईंनी एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पराग जसाच्या तसा! जणू काल खुडलेल्या फुलातला. परंतु पट्टीवरची कागदी चिठ्ठी? ती डिंकासकट कसरीने खाल्लेली. ५० पैकी ९ चिठ्ठ्या वाचता येत होत्या. बाकीच्यांवर हिरकणीच्या लेखणीने काचेवर कोरलेला आकडा तेवढा उरला होता. तो आकडा ज्या वहीशी जुळवायचा, ती वही एका पावसाळ्यात भिजून तिचा लगदा झाला होता.

"सर, तुमच्या पोथ्यांत असं होतं का हो?" बाईंनी मला विचारले.

होते तर! जुन्या हस्तलिखित पोथीच्या शेवटी दोन-चार ओळी असतात. ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणासाठी. या मजकुराला 'पुष्पिका' म्हणतात. नेमके शेवटचे पान गहाळ झाले की अख्खी पोथी हातात असून ती कोणाची हे सांगता येत नाही. मग तिच्यासारखे दुसरे हस्तलिखित शोधायचे, ओळ ओळीशी ताडून पाहायची आणि गेलेले नाव परत मिळवायचे. बाईंपुढे हेच काम होते. फक्त त्यांची दुसरी पोथी ग्रंथालयात नव्हती. ती डोंगरावर होती आणि वर्षातून पाच-सहा आठवडेच उघडत होती. 'पुष्पिका' हा शब्द ऐकून त्या इतक्या खूष झाल्या, की माझे नाव सहलीच्या यादीत आपोआप चढले.

आता थोडे परागाविषयी. पराग म्हणजे फुलातल्या पुंकेसराच्या टोकाला असलेली पिवळी धूळ, एवढे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. या धुळीचा एकेक कण बहुधा एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते विसाव्या हिश्श्याइतका असतो. भोपळ्याचा किंवा जास्वंदीचा कण त्यातल्या त्यात धिप्पाड. तीक्ष्ण नजरेला तो साध्या डोळ्यांनीही जाणवतो. कणाच्या बाहेरचे कवच विलक्षण चिवट. आतला जीव मरतो, सुकतो, परंतु कवच पाण्याने कुजत नाही, आम्लाने सहजी विरघळत नाही, आणि हवा न लागणाऱ्या चिखलात हजारो वर्षे टिकते. या कवचावर निसर्गाने नक्षी काढलेली असते आणि आतून अंकुर बाहेर पडावा म्हणून चिरा किंवा छिद्रे ठेवलेली असतात. द्विदल वनस्पतींच्या फार मोठ्या गटात बहुधा तीन चिरा, एकदलांत बहुधा एकच. चिरा किती, त्या कुठे, अंगावर जाळी की काटे, आकार चेंडूचा की गव्हाच्या दाण्याचा, एवढे पाहिले की कण आपले कूळ सांगू लागतो.

हे पाहणे काही आजचे नाही. नेहेमाया ग्रू हा इंग्रज आणि मार्चेल्लो माल्पिगी हा इटालियन, या दोघांनी सतराव्या शतकातच निरनिराळ्या फुलांचे पराग निरनिराळे दिसतात हे नोंदवून ठेवले. पुढे स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी आम्लांच्या मिश्रणाने परागाच्या आतला-बाहेरचा मळ जाळून नुसते स्वच्छ कवच उरवण्याची रीत बसवून दिली. ती आजही जगभर चालते. या शास्त्राला स्वतःचे नाव मात्र १९४४ साली मिळाले: पॅलिनॉलॉजी. आपण परागशास्त्र म्हणू.

पठारावर आम्हांला वाट दाखवायला जवळच्या गावातले एक मामा होते. डोक्याला टॉवेल, पायात प्लॅस्टिकचे बूट आणि खांद्यावर इरले नव्हे, चांगला निळा रेनकोट. विद्यार्थी फुलांची लॅटिन नावे घोकत होते, मामा त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते. मी माझी वही काढून मामांची नावे टिपून घेऊ लागलो. जांभळट गुलाबी तेरडा. पिवळीधमक सोनकी. काडीवर पांढरे बटण लावावे तसा गेंद. पाणथळ जागी निळीजांभळी सीतेची आसवे. पिवळ्या फुलावर लाल ठिपके ल्यालेला कवला.

"मामा, आमच्याकडं कोकणात कवल्याची भाजी करतात, ती हीच का?" मी विचारले.

"न्हाई सर. भाजीचा कवला निराळा. ह्यो भावकीतला हाय, पर ताटातला न्हाई."

एकाच नावाखाली दोन-तीन रोपे आणि एकाच रोपाला गावागणिक तीन नावे, ही अडचण भाषेच्या माणसाला नवीन नाही. विज्ञानाने म्हणूनच लॅटिन नाव पत्करले. पण 'भावकीतला' हा मामांचा शब्द बाईंनी लगेच उचलला. "मुलांनो, 'कुल' आणि 'प्रजाती' यांतला फरक लक्षात राहत नसेल, तर मामांना विचारा," त्या म्हणाल्या.

इथे फुले तोडायला बंदी आहे आणि ती सर्वांनी पाळावी. आमच्याजवळ वनखात्याची लेखी परवानगी होती. तरीही बाईंनी एकही फूल खुडू दिले नाही. बारीक चिमट्याने एका फुलातले एक-दोन परागकोश उचलायचे, अल्कोहोलच्या इवल्याशा कुपीत टाकायचे, कुपीवर पेन्सिलने क्रमांक घालायचा आणि तोच क्रमांक वहीत. वहीत रोपाचे नाव, जागा, तारीख, जमीन कोरडी की पाणथळ, मामांनी सांगितलेले नाव. "शाई नको, पेन्सिलच. अल्कोहोल सांडलं तर शाई जाते, पेन्सिल राहते," बाईंनी दर कुपीला बजावले. पेटीचे दुःख त्या विसरल्या नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत पावसाने आमची चार वेळा परीक्षा पाहिली. धुके असे उतरले की हाताभरावरचा विद्यार्थी दिसेना. पण कुपी भरल्या.

खरी मौज पुढच्या आठवड्यात, प्रयोगशाळेत. जिलेटिन आणि ग्लिसरीनची गुलाबी रंग घातलेली जेली कोमट करायची, तिचा थेंब काचेवर, त्यात पराग, वर पातळ काच. चारशेपट मोठे करणाऱ्या भिंगाखाली डोळा लावला आणि मला वाटले, कास पुन्हा एकदा, नव्याने पाहतो आहे.

तेरड्याचा कण पाहा: जणू लहान आयताकृती उशी. चार कोपऱ्यांपाशी चार चिरा, आणि अभ्ऱ्यावर बारीक जाळी विणलेली. सोनकीचा गोल, सर्वांगावर काटे, तीन चिरा. सूर्यफूल-झेंडूच्या घराण्याची ही ठेवण. काटे असले की कण कीटकाच्या केसाळ अंगाला नीट चिकटतो. गवताचा कण अगदी विरुद्ध: गुळगुळीत गोळा, त्याला एकच छिद्र आणि छिद्राभोवती कडे. त्याला कोणाच्या अंगाला चिकटायचे नाही, वाऱ्यावर स्वार व्हायचे आहे. सीतेच्या आसवांच्या कणाभोवती पुष्कळ उभ्या चिरा, कलिंगडाच्या पट्ट्यांसारख्या. दवबिंदू म्हणून एक कीटकभक्षी रोप पठारावर असते. त्याचे कण सुटे होतच नाहीत. चार-चारांचे कुटुंब एकमेकांना बिलगून राहते. आणि गेंद! बाहेरून इतका साधा, पण त्याच्या कणावरची चीर चेंडूला सुतळी गुंडाळावी तशी गोल गोल फिरत जाते. विद्यार्थ्यांत तो पाहण्यासाठी रांग लागली. आमरी, म्हणजे ऑर्किड, आणि कंदीलपुष्प यांची तऱ्हा आणखी न्यारी. ही मंडळी धूळ उधळतच नाहीत. सगळा पराग एका गाठोड्यात बांधून कीटकाच्या अंगावर लादतात.

सोनकी आणि कवला, दोघेही पिवळे. दुरून पाहणाऱ्याला एकच गालिचा. पण फूल सुकून गेल्यावर, पाकळीचा मागमूस नसताना, एका काटेरी आणि एका गुळगुळीतशा लांबट कणावरून सांगता येते की इथे दोघे होते. परागाची किंमत ती हीच. फूल आठ दिवसांचे, त्याचा पुरावा शतकांचा.

महाबळेश्वरच्या मधाचे उदाहरण घ्या. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला साका काचेवर घ्यायचा. मधमाशी कुठे कुठे गेली होती तिचा सगळा प्रवास समोर! मोजलेल्या परागांपैकी ४५ टक्के किंवा अधिक एकाच जातीचे असले, तर तो मध त्या फुलाचा मानण्याचा सर्वसाधारण संकेत आहे. बाटलीवर काहीही छापता येते. पराग छापील चिठ्ठीची भीड धरत नाही. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या मधपाळाच्या मालाची खरी साक्ष शेवटी हा धुळीचा कणच देणार.

आणखी मागे जायचे तर चिखल. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दलदलीच्या थरांतले पराग मोजून जुनी अरण्ये उभी करून दाखवली. आपल्याकडे कारवारजवळच्या समुद्रतळाचा गाळ काढून पाहिला, तेव्हा त्यातल्या परागांनी सांगितले की सुमारे साडेतीन हजार वर्षांपासून इथली हवा पूर्वीपेक्षा कोरडी झाली. सह्याद्रीवरून नद्यांनी वाहून नेलेली धूळ, समुद्राने जपलेली बखर!

परंतु ही बखर वाचायची कशी? ज्या फुलाचा पराग आपण जिवंतपणी ओळखून ठेवला आहे, तोच पुढे चिखलात ओळखता येईल. मोल्सवर्थने १८३१ साली कोश काढला, तेव्हा ते शब्द बोलणारी माणसे भोवती होती. म्हणून आज आपल्याला त्यांतल्या कितीतरी शब्दांचा अर्थ लागतो. परागांचा कोशही फुले फुलत आहेत तोवरच होऊ शकतो. पी. के. के. नायर यांनी पश्चिम हिमालयातल्या वनस्पतींच्या परागांवर ग्रंथ लिहिला. तो १९६५ साली आपल्या मुंबईतच प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत गणपती थणिकैमणी यांनी परागपट्ट्यांचा हजारोंचा संग्रह वाढवला. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲम विमानाचे कराचीत अपहरण झाले, त्यात त्यांचा बळी गेला. माणूस गेला; पट्ट्यांवर नावे होती, म्हणून त्यांचे काम पुढच्यांच्या हाती राहिले.

कोश म्हटला की त्याच्या मर्यादाही आल्या. गवते जवळजवळ सारखी दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली 'गवत' एवढेच म्हणून थांबावे लागते. गेंदाच्या अनेक जाती पठारावर आहेत. पराग 'गेंद' म्हणेल, पण कोणता गेंद हे विचारायला बियांकडे जावे लागते. कण भावकी सांगतो, दर वेळी घर सांगतोच असे नाही. शहाण्यांचाही इथे मतभेद होतो. ब्रेमेकाम्प या डच शास्त्रज्ञाने १९४४ साली करवीच्या भल्यामोठ्या गोतावळ्याची पराग आणि बिया पाहून कितीतरी कुलांत वाटणी केली आणि आपल्या करवीला एकटीचे वेगळे घर बांधून दिले. नाव 'कार्व्हिया'. त्यात आपली मराठी करवी उघड ऐकू येते, म्हणून मला ते फार आवडले होते. पुढे इतर पुरावे आले, आणि अलीकडच्या संशोधकांनी भिंती पाडून सगळ्यांना पुन्हा एकत्र कुटुंबात आणले. पराग खोटे बोलला नव्हता. एकट्या परागाच्या साक्षीवर वाटणी करायची नसते, इतकेच.

दोन पावसाळ्यांच्या खटपटीनंतर पेटीचा हिशेब असा आहे. ९ पट्ट्यांची नावे आधीच होती. २७ नवी नावे पक्की ठरली. ८ पट्ट्यांचे कुल कळले, जात कळली नाही. तिथे बाईंनी कुलापुढे काहीही लिहू दिले नाही. एका उत्साही विद्यार्थ्याने "मॅडम, बहुतेक हीच असेल, लिहूया ना," म्हणून पाहिले. बाई म्हणाल्या, "बहुतेक असेल तर वहीत 'बहुतेक' लिही. काचेवर नको. चाळीस वर्षांनी कोणी वाचेल, तेव्हा त्याला विचारायला तू नसशील." मला वाटले, संशोधनपद्धतीवरची माझी तासभराची व्याख्याने या चार वाक्यांत आटोपली.

उरल्या ६. त्यांच्याशी जुळणारे फूल आम्हांला कासवर दिसले नाही. सरांनी ते दुसऱ्या पठारावरून आणले असेल. किंवा रोप इथलेच असून आता विरळ झाले असेल. किंवा काही वर्षांनी एकदाच फुलणाऱ्यांपैकी असेल. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहालयात वाळवून जपलेले जुने नमुने आहेत. सुकलेल्या परागकोशातूनही पराग मिळतो. तिथे अर्ज गेला आहे. पुढच्या भाद्रपदात मामा आम्हांला आडबाजूच्या दोन सड्यांवर नेणार आहेत.

क्रमांक आता चिठ्ठीवर नाहीत. नावांसकट काचेवर कोरले आहेत. वहीच्या तीन प्रती केल्या. एक प्रयोगशाळेत, एक ग्रंथालयात, एक बाईंच्या घरी. शेवटचे पान बाईंनी माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "हे काम तुमचं." मग मी जुन्या वळणाने लिहिले: मूळ संग्रह कोणाचा, कोणत्या डोंगरावरचा, नावे पुन्हा कोणी लावली, वाट कोणी दाखवली, शके १९४७, भाद्रपद मास, मुक्काम कास. खाली त्या सहा पट्ट्यांचे आकडे घातले आणि प्रत्येकापुढे जागा मोकळी सोडली.